पावलांभोवतीची रेघ

“हलू नका हं, मावशी,” असे त्या मुलीने अगदी सहज म्हटले, आणि सत्यवतीचे सारे शरीर तिला न विचारताच तिच्या ताब्यातून निघून गेले. पाठीचा कणा उभा राहिला, भार उजव्या मांडीवर गेला, मान किंचित डावीकडे वळून जागच्या जागी थबकली आणि दृष्टी समोर वाळूत ओढून ठेवलेल्या होडीच्या एका गंजक्या खिळ्यावर जाऊन रुतली. आचऱ्याच्या बंदरावर सकाळचे ऊन अजून कोवळे होते. तिच्यापुढे बांगडे मासळीची पाटी होती, पाटीवर माशा घोंगावत होत्या, आणि एक माशी तिच्या गालावरून चालत ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आली तरी तिचा हात उठला नाही. मुंबईहून कुठल्याशा विद्यापीठाची मुले निसर्गचित्रे काढावयास आली आहेत, एवढेच तिला ठाऊक होते. दोन दिवस ती किनाऱ्यावर फळ्या मांडून बसत होती आणि गावातली माणसे त्यांच्या पाठीमागे उभी राहून, आपली होडी ओळखता येते की नाही, ते बघत होती. त्यांतली ही तन्वी नावाची मुलगी आज तिच्याकडे आली होती आणि “रोज बसता तशाच बसा,” असे म्हणाली होती. सत्यवती रोज अशी बसत नव्हती. रोज ती फतकल मारून बसे, गिऱ्हाइकाशी वाद घाली, कावळ्यांना हाकली, मधूनच पदराने घाम पुशी. पण कागदावर कोळसा ओढल्याचा तो बारीक, कोरडा, उंदराने पेटारा कुरतडावा तसा आवाज कानी पडला, आणि पंचवीस वर्षे मागे लोटून आल्यासारखी ती निश्चल झाली.

शेजारची राधाबाई मासे घ्यावयास आली. “काय गो सत्यवती, बांगडे कशे दिलंस?” असे तिने विचारले. सत्यवतीने उत्तर दिले नाही. उत्तर द्यावयाचे असते हे तिला कळत होते, प्रश्नही नीट ऐकू आला होता, परंतु चित्रासाठीची बैठक चालू असताना बोलावयाचे नसते हा नियम तिच्या जिभेवर बसला होता. राधाबाईने पुन्हा विचारले, मग वाकून तिच्या डोळ्यांत पाहिले, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बांगडे इकूक बसलंस काय देवळात बसलंस? नारळ ठेवू पुढ्यात?” भोवतालच्या बाया हसल्या. त्या हसण्यानेही सत्यवतीची मान वळली नाही, आणि हेच पुढे सगळ्या आचऱ्यात सांगितले गेले, की सत्यवती मुंबईच्या पोरांपुढे अशी बसली होती, की जणू पाषाणाची.

बऱ्याच वेळाने तन्वीने तिला थोडी विश्रांती घ्यावयास सांगितले. तेव्हा सत्यवतीने जे केले ते तिने मुद्दाम केले नाही. उठण्यापूर्वी तिने वाळूतला एक शिंपला उचलला आणि आपल्या दोन्ही पावलांभोवती त्याने रेघ ओढली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत आणि अंगठ्यापासून पुन्हा टाचेपर्यंत. मग उठून ती पाणी प्याली, पाय झटकले, आणि परत येऊन त्या रेघांच्या आत पावले ठेवून बसली. मान पुन्हा डावीकडे गेली, दृष्टी पुन्हा त्या खिळ्यावर गेली. तन्वीला त्यात काही विशेष वाटले नाही. परंतु तिच्या मागे येऊन उभे राहिलेले तिचे प्राध्यापक, दाढी पिकलेले, डोक्यावर गवती टोपी घातलेले गृहस्थ, विद्यार्थिनीच्या चित्राकडे न पाहता वाळूतल्या त्या रेघांकडे पाहत राहिले, आणि पाहता पाहता नाकातून बारीक गुणगुणू लागले.

ते गुणगुणणे सत्यवतीच्या ओळखीचे होते. तोंड तिने पाहिले नव्हते. तोंडे तिने कधीच पाहिली नव्हती, कारण बैठकीत दृष्टी एकाच ठिकाणी ठेवावी लागे. त्या वर्गातील सगळी मुले तिला आवाजांनी ठाऊक होती. एकाचा बूट करकरे, एक सारखा घसा खाकरी, एकाचा कोळसा नेहमी मोडे, आणि खिडकीजवळचा एकजण रंग चढू लागला की नाकातून गुणगुणे. प्राध्यापकांनी तन्वीला होड्या काढावयास पाठविले. मग ते वाळूत उकिडवे बसले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “ही रेघ ओढायला आमच्या वर्गात खडू असायचा.” सत्यवतीने पायाने रेघ पुसली आणि म्हणाली, “खंयची रेघ? कसलो वर्ग?” ते म्हणाले, “सत्यवतीबाई, मी हरिश्चंद्र. खिडकीजवळ बसायचो.” आपले नाव राधाबाईच्या तोंडून यांनी ऐकले असेल, अशी समजूत तिने स्वतःला घातली, परंतु ती समजूत भिजलेल्या काडीसारखी होती, ओढली तरी पेटत नव्हती.

त्या इमारतीचा जिना रुंद होता आणि पायऱ्या मधोमध झिजलेल्या होत्या. सत्यवतीने त्या पहिल्यांदा पाहिल्या त्या हातात केरसुणी धरून. तिचा नवरा बाबली मुंबईच्या धक्क्यावर मच्छीमारी बोटीवर होता आणि दोर ओढण्याच्या यंत्रात त्याचा हात जाऊन निकामी झाला होता. शेजारणीच्या ओळखीने तिला विद्यापीठाच्या कलाविभागात झाडलोटीचे काम लागले. जिन्याच्या माथ्यावर एक मोठा लाकडी फलक होता आणि त्याच्यावर सोनेरी अक्षरांत सुवर्णपदके मिळविलेल्या विद्यार्थ्यांची नावे होती. दरवर्षी एक माणूस येऊन शेवटच्या नावाखाली नवे नाव रंगवून जाई, आणि त्याच्या कुंचल्यातून खाली सांडलेले सोनेरी थेंब सत्यवती पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढी. एके दिवशी नेहमीची मॉडेल आली नाही. अध्यापकांनी इकडेतिकडे पाहिले आणि केर काढणाऱ्या सत्यवतीला स्टुलावर बसविले. प्रथम केवळ डोके आणि मान होती. पुढे हात आले, पाय आले. आणि एके दिवशी मोठ्या बाईंनी, ज्या तेव्हा विभागप्रमुख होत्या, तिला आपल्या खोलीत बसवून, चहा देऊन, फार संकोचाने विचारले. झाडलोटीपेक्षा त्यात पुष्कळ अधिक मिळणार होते. तिने घरी जाऊन बाबलीला सांगितले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने एवढेच विचारले, “दार लावतत मा?” ती म्हणाली, “लावतत.” त्या दिवसापासून तो मरेपर्यंत, म्हणजे आचऱ्यास परत येऊन अठ्ठ्याण्णव साली तो वारला तोपर्यंत, त्या दोघांत त्या विषयाचा एक शब्दही निघाला नाही. परंतु कामावरून ती परत येई तेव्हा तो आपल्या चांगल्या हाताने तिच्या पायांना तेल लावी. पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असत. तेल लावताना तो तिच्याकडे पाहत नसे.

दार लावीत असत हे खरे. परंतु लावलेल्या दाराच्या आत काय होते, हे आचऱ्यात कोणाला सांगावे, आणि कोणत्या शब्दांत? तेथे पाप नव्हते. तेथे वासना होती असेही तिला कधी जाणवले नाही. टर्पेंटाइनचा वास होता, पंख्याचे खट्खट् होते, आणि पाऊणशे हात दूर असल्यासारखी पाहणारी वीस-पंचवीस माणसे होती. पहिल्या दिवशी लुगडे सोडताना तिची बोटे निऱ्यांत अडकली होती. दहाव्या दिवशी ती अडकली नाहीत. आणि पुढे पुढे असे झाले, की लुगडे सोडल्यावर नव्हे, तर ते पुन्हा नेसताना तिला आपण उघड्या आहोत असे वाटे. मुंगी चढली तरी हलावयाचे नाही, नाक खाजले तरी हलावयाचे नाही. भिंतीवर एक ओलीचा डाग होता, त्यात ती आचऱ्याची खाडी पाही. खाडीच्या एका वळणावर आपले माहेर ठेवी, दुसऱ्यावर सासर, आणि या दोन घरांमध्ये सारा वेळ मनाने ये-जा करी. दिलेले ते श्रम होते की शील होते, याचा निर्णय तिने पुष्कळदा करावयास घेतला आणि प्रत्येक वेळी थकून अर्ध्यावर सोडून दिला. गावात मात्र तो निर्णय एका क्षणात लागला असता. म्हणून गावात तिने एकच वाक्य आणले होते. मुंबईस मी कॉलेजात झाडू मारीत होते. आणि ते वाक्य खोटे नव्हते, हाच त्याचा मोठा आधार होता.

हरिश्चंद्र देवस्थळी आता त्याच विभागाचे प्रमुख होते. वाळूत बसून त्यांनी तिला सांगितले, की विभागाला यंदा पन्नास वर्षे पूर्ण झाली, आणि अध्यापक, विद्यार्थी व माजी विद्यार्थी यांच्या कामगिरीचे प्रदर्शन जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत आहे. पुढच्या महिन्यात ते इथे जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला येणार आहे. त्यात त्यांचे ते चित्रही आहे, ज्याने त्यांना सुवर्णपदक दिले, परदेशी नेले, आणि शेवटी या खुर्चीवर बसविले. “तुम्हाला व्यासपीठावर बसवायचं आहे,” ते म्हणाले, “आमच्या साऱ्या कामगिरीत तुमचं नाव कुठेच नाही, ही गोष्ट मला फार दिवस खाते आहे.” त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले होते. सत्यवतीला त्यांची कीव आली आणि भयही वाटले, कारण सज्जन माणूस एकदा उपकार करावयास निघाला की त्याला थांबविणे कठीण असते. तिने पाटी उचलली. “माका खंयच येवचा नाय,” ती म्हणाली. “माझो झिल आसा, सून आसा. सून जामसंड्याच्या चांगल्या घरातली. माका हय जगूचा आसा, साहेब.” त्यांनी मान डोलाविली, परंतु त्यांना समजले नाही, असे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. तिचा हा विनय आहे, असे त्यांना वाटले असावे.

पुढचे काही दिवस तिने बंदरावर जाणे टाळले. अंग दुखते असे सांगितले, आणि ते दुखतही होते. सून प्रियांका तिला कढत पाणी देई, जेवणाचे विचारी आणि अधिक बोलत नसे. ही मुलगी घरात येऊन दोन वर्षे झाली होती. ती सासूला मान देई, परंतु तिचे मन काय आहे हे कळण्याइतकी जवळीक दोघींत झाली नव्हती. सत्यवती पडल्या पडल्या कौलांतून येणारा उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकताना पाही. तिच्या मनात येई, की गावाला कळले तर प्रथम राधाबाई येईल, समाचाराला आल्यासारखी. मग जामसंड्याहून प्रियांकाचे वडील येतील आणि ओटीवर बसून पाणीसुद्धा न घेता उठून जातील. मुलगा प्रितेश काय करील, हे तिला दिसत नसे. त्याच्या ठिकाणी प्रत्येक वेळी भिंतच येई. तो ओरोसला एका सरकारी कार्यालयात शिपाई होता, त्याला नोकरीचा अभिमान होता, आणि त्याहून अधिक अभिमान त्याला या गोष्टीचा होता, की आपली आई केवळ मासे विकणारी नव्हे, तर युनिव्हर्सिटीत होती. केर काढीत होती हे तो सांगे, लपवीत नसे. परंतु युनिव्हर्सिटी हा शब्द तो थोडा मोठ्याने उच्चारी.

आणि घडावयाचे ते त्याच्याच हातून घडले. प्रदर्शनाच्या सभागृहाच्या व्यवस्थेसाठी प्राध्यापक ओरोसला आले असता त्यांच्या दिमतीस प्रितेशला दिले गेले. गाव कोणते, असे त्यांनी विचारले, त्याने आचरे म्हणून सांगितले, आणि आपली आई मुंबईस कलाविभागात होती हेही सांगितले. त्याच संध्याकाळी तो त्यांना घरी घेऊनच आला. ओटीवर खुर्ची मांडली गेली, प्रियांकाने चहा केला. सत्यवती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. “तुमच्या आईंशिवाय आमचा विभाग उभाच राहिला नसता,” प्राध्यापकांनी आरंभ केला. “आमच्या कितीतरी पिढ्या त्यांच्यामुळे...” आणि हे वाक्य कोठे जाणार आहे ते सत्यवतीला, उतारावर सुटलेली गाडी दिसावी तसे दिसले.

“मी थंय झाडू मारी होतंय,” ती मध्येच म्हणाली. “सायबांका ठावक आसा ता.”

प्राध्यापकांनी तिच्याकडे पाहिले, मग प्रितेशकडे पाहिले, मग कपात पाहिले. इतक्या वर्षांनी प्रथमच त्यांनी तिचा चेहरा चित्रकाराच्या नजरेने न पाहता माणसाच्या नजरेने पाहिला असावा, कारण या वेळी त्यांना समजले. “हो,” ते म्हणाले, “फार स्वच्छ झाडायच्या. आम्ही सगळे म्हणायचो.” प्रितेश खूश होऊन हसला. आणि मग, आपल्या चुकीची भरपाई करावी म्हणून की काय, प्राध्यापक घाईघाईने म्हणाले, की विभागाच्या जुन्या सेवकांचाही सत्कार ठेवला आहे आणि स्वच्छतेचे काम केलेल्यांत सत्यवतीबाईंचे नाव पहिले आहे. असा कोणताही सत्कार ठेवलेला नव्हता हे तिला कळले. प्रितेशने मात्र तिच्या खांद्याला धरून तिला हलविले. “आये, शाल घालतले तुका! सगळ्या साहेबांच्या म्होरे!” आता नाही म्हणण्यास एकही कारण उरले नव्हते.

ज्या खोटेपणासाठी ती मनोमन त्यांच्या पाया पडत होती, तो त्यांनी तिच्या पदरात टाकला होता, आणि तरीही ते निघून गेल्यावर तिला आपला कोणीतरी अपमान केला आहे असे वाटू लागले. किती सहज म्हणाले ते. फार स्वच्छ झाडायच्या. जणू एवढेच सांगण्यासारखे होते, जणू तो ओलीचा डाग, ती भिंतीवरची खाडी, त्या दगड झालेल्या पोटऱ्या, बाबलीच्या हाताचे तेल, हे सर्व एका केरसुणीच्या फटक्यात बाहेर गेले. आपणच मागितले आणि मिळाल्यावर ते नकोसे झाले, या विचाराने तिला स्वतःचा कंटाळा आला. माणसाला आपले नाव कोणी घेऊ नये असेही वाटते आणि कोणी घेतले नाही म्हणून दुःखही होते. या दोहोंच्या मधोमध उभे राहून ती दमून गेली होती, एखाद्या न संपणाऱ्या बैठकीत दमावे तशी.

ओरोसच्या सभागृहात कागदाची फुले लावली होती. बाजूच्या भिंतींना चित्रे टांगली होती आणि लोक त्यांच्याकडे पाठ करून खुर्च्यांवर बसले होते. कार्यालयातील कोणा वरिष्ठाने चित्रांची आगाऊ पाहणी करून, जी ‘कुटुंबासह पाहण्यासारखी’ नाहीत ती मुंबईसच ठेवावीत असे कळविले होते, हे प्रितेशने येताना गाडीत सांगितले होते. भाषणे झाली. विभागाचा एक विद्यार्थी पॅरिसला आहे, एकाने विमानतळाची भिंत रंगविली आहे, एका विद्यार्थिनीने भातशेतीची अवजारे घेऊन मांडलेल्या शिल्पाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आहे, याच जिल्ह्यातील शाळांत चित्रकला शिकविणारे कितीतरी जण येथूनच पदवी घेऊन आले आहेत, अशी एकेक नावे पुकारली जात होती आणि प्रत्येक नावामागून टाळ्या येत होत्या. सत्यवती व्यासपीठाच्या टोकाच्या खुर्चीवर बसली होती. ती नावे ऐकताना तिला करकरणारा बूट आठवत होता, मोडणारा कोळसा आठवत होता, आणि पॅरिसला गेलेला तो खाकरणारा तर नव्हे, असा प्रश्न पडत होता. कोणाची पहिली मान कशी वाकडी आली होती, हे तिने बैठक संपून मुले बाहेर गेल्यावर, लुगडे गुंडाळून, फळ्यांमधून फिरून पाहिले होते. कागदावरचे आपलेच वाकडे नाक पाहून तिने हसू दाबले होते. मग तिचे नाव पुकारले गेले. विभागाच्या ज्येष्ठ स्वच्छता सेविका. शाल खांद्यावर आली, नारळ हातात आला, आणि टाळ्या इतरांपेक्षा थोड्या जास्तच झाल्या, कारण गरिबाच्या सत्कारात टाळी वाजविणाऱ्याला स्वतःविषयीही बरे वाटते. प्राध्यापकांनी तिला वाकून नमस्कार केला. तो वाकलेला नमस्कार कोणाला होता हे सभागृहात दोघांनाच ठाऊक होते.

समारंभ संपल्यावर लोक चिवड्याच्या बशा हातात घेऊन चित्रे पाहू लागले. प्रितेश आईला आणि बायकोला घेऊन एकेका चित्रापुढे थांबत होता. माडांचे चित्र आले, देवळाचे आले, मग ते आले. सत्यवतीने ते पंचवीस वर्षांत पाहिले नव्हते. एक बाई पाठमोरी उभी आहे. कमरेखाली पांढरे वस्त्र आहे, वर पाठ उघडी आहे. एक हात भिंतीला टेकलेला, दुसरा कमरेच्या मागे दाबून धरलेला. तोंड खिडकीकडे वळलेले आणि निम्मे सावलीत बुडालेले. एका बाजूने पोटाचा उभार दिसतो. खाली नाव होते, ‘प्रतीक्षा’, आणि चित्रकाराचे नाव, आणि पदकाचे वर्ष. पाठ असल्यामुळेच ते वरिष्ठांच्या नजरेतून सुटले असावे. तेव्हा अध्यापक म्हणाले होते, की या चित्रात मातृत्वाची अनादि प्रतीक्षा आहे. सत्यवती चहाच्या किटलीची वाट पाहत होती.

प्रितेश त्या चित्रापुढे बराच वेळ थांबला. इतर चित्रांपुढे तो इतका थांबला नव्हता. “पोटुशी आसा ती,” तो हळूच म्हणाला. त्या पोटात तोच होता. पाचवा महिना होता, आणि उभ्या उभ्या त्याने पहिली लाथ मारली होती तेव्हाही ती हलली नव्हती. “कंबर धरल्यान बघ कशी. दमली आसा. पोटुश्या बाईक इतको वेळ उभी करून ठेवल्यानी, दया नाय काय लोकांका?” त्याच्या स्वरात राग होता, आणि तो राग ऐकून सत्यवतीच्या आत काहीतरी, जे इतकी वर्षे आवळून धरलेले होते, ते आपोआप सैल पडले. तो वळून तिला म्हणाला, “आये, तू थंय होतंस मा तेवा? तू बघलं असशीत हिका. कोण होती ही?”

आसतली कोणतरी, असे उत्तर तिच्या ओठांशी तयार होते. ते साधे होते, सुरक्षित होते, आणि मुंबईहून आणलेल्या त्या एका वाक्याशी नीट जुळणारे होते. तिने आपल्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्याला खरोखर जाणून घ्यावयाचे होते. त्या बाईबद्दल आजवर कोणीही असे विचारले नव्हते. चित्राविषयी सर्वांनी विचारले होते, बाईविषयी नाही. नाही म्हणण्याचेही श्रम आता तिच्याने होण्यासारखे नव्हते.

“मी,” सत्यवती म्हणाली.

प्रितेशने तिच्याकडे पाहिले, तिच्या खांद्यावरच्या नव्या शालीकडे पाहिले, हातातल्या नारळाकडे पाहिले, आणि तो हसू लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. “शाल काय घातल्यानी, आये, तू तर थेट भित्तीवर जावन बसलंस!” असे म्हणत त्याने जवळून जाणाऱ्या आपल्या कार्यालयातील एका माणसाला थांबवून ती थट्टा सांगितली, आणि तोही हसला. दोघे बोलत बोलत दाराकडे गेले. सत्यवती उभी होती तेथेच राहिली. गेली कित्येक वर्षे ज्या घटकेची तिने धास्ती घेतली होती ती येऊन गेली होती, आणि तिने कोणाचे काही मोडले नव्हते, काही जोडलेही नव्हते. सुटल्याचे सुख तिला होईना आणि न मानले गेल्याचे दुःखही नीट होईना. तिला केवळ कोठेतरी बसावेसे वाटले.

प्रियांका हसली नव्हती. हे सत्यवतीच्या फार उशिरा ध्यानात आले. ती चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभी होती, ओळखीचे अक्षर वाचावे तशी पाहत. ती पाहत होती ते तोंड नव्हते, पोटही नव्हते. उघड्या पाठीवरील मणक्यांची ओळ होती, आणि मान व खांदा जेथे मिळतात तेथला खळगा होता. सत्यवतीच्या दुखत्या पाठीला हे काही दिवस तिनेच शेक दिला होता. मग तिने सासूच्या हातातला नारळ घेऊन पिशवीत टाकला आणि म्हणाली, की चला, गाडी चुकेल.

आचऱ्याच्या गाडीत मागची दोघींची जागा मिळाली. प्रितेश पुढे वाहकाच्या शेजारी बसला होता. वाहक ओळखीचा होता, आणि आपली आई चित्रातली बाई असल्याचा विनोद त्याला सांगून झाल्यावर तो आता पुढच्या उतारूलाही तो सांगत होता. दुपारचे ऊन काजूच्या बागांवर पडले होते. रस्त्याचे वळण आले की दोघींचे खांदे एकमेकींना लागत आणि वळण संपले की सुटत. प्रियांका खिडकीबाहेर पाहत होती. बऱ्याच वेळाने, बाहेरच पाहत, पुढे ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात तिने विचारले,

“आये, थंडी नाय वाजत होती तुमका?”

सत्यवतीने तिच्याकडे पाहिले नाही.

“वाजत होती तर,” ती म्हणाली. “पावसात दातार दात आपटत. पण दात आपटलेले चित्रात येवचे नाय गो.”